खुले द्वार आणि पुढची वाट : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांमधील नवागत विद्यार्थी आणि सहाय्यक सेवा

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या विस्ताराचा विचार करताना प्रवेशाच्या संख्येकडे जितके लक्ष दिले जाते, तितके प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या पुढील वाटचालीकडे दिले जात नाही. प्रवेश मिळणे हा शिक्षणाचा आरंभ आहे. ज्या हेतूने विद्यार्थी महाविद्यालयात आला तो हेतू साध्य होणे ही त्याची फलश्रुती आहे. या दोहोंमधील अंतर कसे पार करावयाचे, हा प्रश्न अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांना गेली अनेक दशके भेडसावत आला आहे. कोणालाही गुणांच्या आधारे न नाकारता प्रवेश देणाऱ्या या संस्थांनी नवागत विद्यार्थ्यांसाठी सल्ला, समुपदेशन, शिकवणी, अर्थसहाय्य अशा अनेक सेवा उभारल्या. तरीही मोठ्या संख्येने विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडत राहिले. सेवा होत्या आणि गळतीही होती. असे का घडले, आणि कोणत्या प्रकारच्या सहाय्याने परिस्थितीत खरा फरक पडला, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सहाय्यक सेवा उपलब्ध असणे आणि ती गरजू विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट घडवून आणण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर न टाकता संस्थेने स्वीकारावी लागते, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

कम्युनिटी कॉलेज : स्वरूप व पार्श्वभूमी

कम्युनिटी कॉलेज म्हणजे प्रामुख्याने दोन वर्षांचे शिक्षण देणारी सार्वजनिक संस्था होय. येथे असोसिएट पदवी आणि अल्पमुदतीची व्यवसाय प्रमाणपत्रे दिली जातात. पहिली दोन वर्षे येथे पूर्ण करून विद्यार्थी पुढे चार वर्षांच्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठात जाऊ शकतो. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये स्थापन झालेले ज्युनिअर कॉलेज हे या परंपरेतील आद्य सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या शाळांचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या पुढाकारातून ते उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने अशा महाविद्यालयांचे देशव्यापी जाळे उभारण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ झाली. १९६० च्या दशकात त्यांची संख्या झपाट्याने वाढली. आज अशी एक हजारांहून अधिक महाविद्यालये कार्यरत आहेत.

या संस्थांचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे मुक्त प्रवेश. शालान्त शिक्षण पूर्ण केलेला तरुण, नोकरी करणारी माता, नुकताच देशात आलेला स्थलांतरित, वीस वर्षांनंतर पुन्हा शिकू पाहणारा कामगार असे सर्वजण एकाच वर्गात बसलेले दिसतात. त्यांपैकी अनेकजण महाविद्यालयाची पायरी चढणारे आपल्या कुटुंबातील पहिलेच असतात. बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, कारण उदरनिर्वाहासाठी काम करणे त्यांना भाग असते. वसतिगृहात राहून पूर्णवेळ अध्ययन करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली व्यवस्था येथे अपुरी पडते.

ध्येय आणि पूर्तता यांतील अंतर

कम्युनिटी कॉलेजात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी पुढे बॅचलर पदवी मिळवण्याची इच्छा व्यक्त करतात. प्रत्यक्षात प्रवेशानंतर सहा वर्षांच्या आत ती पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण साधारणतः सहापैकी एक इतकेच राहिले आहे. काही विद्यार्थ्यांचे ध्येय एखादा अभ्यासक्रम किंवा कौशल्य शिकण्यापुरतेच मर्यादित असते, हे लक्षात घेतले तरी ही तफावत चिंताजनक आहे.

या तफावतीची कारणे केवळ बौद्धिक कुवतीत शोधणे योग्य ठरणार नाही. नवागताला पहिल्याच आठवड्यात असंख्य निर्णय घ्यावे लागतात. कोणता अभ्यासक्रम निवडावा, कोणत्या विषयाचे श्रेयांक पुढील विद्यापीठ मान्य करील, अर्थसहाय्याचा अर्ज कधी भरावा, एखादा विषय सोडल्यास अनुदानावर काय परिणाम होतो, असे हे प्रश्न असतात. ज्यांच्या घरात पदवीधर आहेत त्यांना यांची उत्तरे जेवणाच्या टेबलावर मिळतात. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला मात्र असे प्रश्न असतात हेच मुळात ठाऊक नसते. जेम्स रोझेनबॉम, रेजिना डील-आमेन आणि ॲन पर्सन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याकडे लक्ष वेधले. महाविद्यालये विद्यार्थ्याकडे काही अलिखित व्यवहारज्ञान आधीपासून असल्याचे गृहीत धरतात आणि ज्याच्याकडे ते नसते त्याच्या चुका त्याच्याच माथी मारल्या जातात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

दुसरे कारण स्तरनिश्चितीच्या पद्धतीत दडलेले होते. अनेक वर्षे नवागतांची गणित व इंग्रजीची एक छोटी चाचणी घेतली जाई आणि तीत कमी पडणाऱ्यांना उपचारात्मक वर्गांत पाठवले जाई. या वर्गांचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात नसत. काही विद्यार्थ्यांना तर लागोपाठ तीन उपचारात्मक वर्ग पार केल्यावरच नियमित गणिताच्या वर्गात बसता येई. थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उपचारात्मक वर्गांची शिफारस झालेल्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थी ती साखळी पूर्ण करतात आणि सुमारे ३० टक्के विद्यार्थी त्यांतील एकाही वर्गात नाव नोंदवत नाहीत. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये एका मोठ्या शहरी महाविद्यालय-समूहाच्या आधारे दाखवून दिले की, या चाचण्यांमुळे गणितात सुमारे चारांपैकी एक व इंग्रजीत सुमारे तिघांपैकी एक विद्यार्थी गंभीर स्वरूपात चुकीच्या स्तरावर टाकला जात होता. ज्यांना नियमित वर्ग सहज झेपला असता असे विद्यार्थी विनाकारण मागे ठेवले जात होते. मदत म्हणून आखलेली व्यवस्थाच अडथळा ठरू शकते, याचे हे उदाहरण होय. पुढे कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये कायदा करून शालेय गुणांना स्तरनिश्चितीत प्राधान्य दिले. टेनेसीसारख्या राज्यांनी विद्यार्थ्याला थेट नियमित वर्गात बसवून त्याच सत्रात जोडीला पूरक वर्ग देण्याची पद्धत स्वीकारली.

सहाय्यक सेवांचा विकास

विद्यार्थ्यांना सहाय्य करण्याची कल्पना नवी नाही. केंद्र शासनाने १९६० च्या दशकात दारिद्र्यनिर्मूलनाच्या धोरणाचा भाग म्हणून ‘ट्रिओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजना सुरू केल्या. त्यांपैकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या सहाय्यक सेवांची योजना १९६८ मध्ये अस्तित्वात आली. अल्प उत्पन्न गटातील, पहिल्या पिढीतील आणि अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणी, सल्ला व अर्थसहाय्यविषयक मार्गदर्शन देणे हा तिचा हेतू होता. कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठी कायद्याने ‘विस्तारित संधी कार्यक्रम व सेवा’ ही योजना स्थापन केली. तिच्यातील लाभार्थी विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात समुपदेशकाला किमान तीन वेळा भेटणे अपेक्षित असते आणि त्याला पुस्तकांसाठीही सहाय्य मिळते. १९७२ मध्ये सुरू झालेले आणि पुढे सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले केंद्रीय अनुदान हा गरीब विद्यार्थ्यांचा मोठा आर्थिक आधार बनला.

या सेवांचे शास्त्रीय विवेचनही होत गेले. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ पासून मांडलेल्या उपपत्तीनुसार विद्यार्थी महाविद्यालयाच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनात जितका सामावला जातो तितकी त्याची टिकून राहण्याची शक्यता वाढते. परंतु वर्ग संपताच कामावर धावणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे सामावणे प्रामुख्याने वर्गातच घडावे लागते. टेरी ओबॅनियन यांनी १९७२ मध्ये शैक्षणिक सल्ल्याचा पाच पायऱ्यांचा क्रम मांडला. जीवनध्येयाचा विचार, व्यावसायिक ध्येयाचा विचार, अभ्यासक्रमाची निवड, विषयांची निवड आणि शेवटी वेळापत्रकाची आखणी, असा तो क्रम आहे. नोंदणीच्या खिडकीवर मात्र हा क्रम अनेकदा उलटा होतो. विद्यार्थ्याला कोणत्या वेळा सोयीच्या आहेत हे प्रथम विचारले जाते, त्या वेळेत जागा असलेला विषय त्याला दिला जातो आणि ध्येयाचा प्रश्न तसाच राहतो.

सहाय्यक सेवांची कार्यपद्धती

मेलिंडा मेकर कार्प यांनी २०११ मध्ये अभ्यासेतर सहाय्याच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे सहाय्य चार मार्गांनी परिणाम साधते, असे प्रतिपादन केले. कम्युनिटी कॉलेजांतील विविध सेवांचे आकलन या चार मार्गांच्या आधारे सुलभ होते.

१) सामाजिक संबंधांची निर्मिती : नवागताला आपण येथे परके नाही असे वाटणे आवश्यक असते. यासाठी काही महाविद्यालयांनी अध्ययन-गटांची योजना केली. न्यूयॉर्कमधील किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात सुमारे २५ विद्यार्थ्यांचा एक गट पहिल्या सत्रात दोन-तीन विषय एकत्र शिकत असे आणि त्या विषयांचे अध्यापक परस्परांशी समन्वय ठेवत. ओळखीचे चेहरे रोज भेटल्याने अनुपस्थित विद्यार्थ्याची चौकशी करणारे कोणीतरी असते.

२) ध्येयाची स्पष्टता व बांधिलकी : ‘काहीतरी शिकायचे आहे’ या अस्पष्ट इच्छेचे रूपांतर निश्चित आराखड्यात करणे हे सल्लागाराचे काम होय. कॅलिफोर्नियाच्या २०१२ च्या विद्यार्थी यश कायद्याने उद्बोधन, स्तरनिश्चिती आणि लेखी शैक्षणिक आराखडा या गोष्टी पूर्ण करणाऱ्यांना विषय-नोंदणीत अग्रक्रम देण्याचे तत्त्व पुढे नेले.

३) महाविद्यालयीन व्यवहारज्ञान : टिपणे कशी घ्यावीत, प्राध्यापकांना त्यांच्या कार्यालयीन वेळेत कसे भेटावे, अभ्यासक्रमपत्रिका कशी वाचावी, ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा, या गोष्टी शिकवणारा श्रेयांकित अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत पहिल्या सत्रात ठेवला जातो. या प्रकारच्या अभ्यासक्रमाचे एक प्रसिद्ध प्रारूप साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७२ मध्ये सुरू झाले होते.

४) जीवनातील अडचणींचे निवारण : बसभाडे नसणे, मुलाला सांभाळणारे कोणी नसणे, घरात अन्न नसणे, यांमुळे अभ्यास थांबतो. पाळणाघर, अन्नभांडार, आपत्कालीन निधी, अपंग विद्यार्थ्यांसाठी सोयी आणि शासकीय योजनांचे अर्ज भरण्यास मदत, या सेवा येथे मोडतात.

या चार मार्गांना अर्थातच विषयज्ञानाच्या सहाय्याची जोड लागते. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी केंद्रात १९७३ मध्ये डीॲना मार्टिन यांनी विकसित केलेली पूरक अध्यापनाची पद्धत या संदर्भात उल्लेखनीय आहे. आधी तो विषय उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी वर्गातील सर्वांसाठी नियमित अभ्यासबैठका घेतो. या पद्धतीत ‘कच्चे विद्यार्थी’ वेगळे काढले जात नाहीत. ज्या विषयांत अनेकजण अनुत्तीर्ण होतात ते कठीण विषय निवडले जातात. त्यामुळे मदत घेण्यात कमीपणा राहत नाही.

सेवा असूनही विद्यार्थी वंचित का राहतो?

बहुतेक महाविद्यालयांत वरील सेवा कमीअधिक प्रमाणात होत्याच. परंतु त्या निरनिराळ्या इमारतींत, निरनिराळ्या विभागांकडे विखुरलेल्या होत्या. एकेका सल्लागाराकडे हजारभर विद्यार्थी असत. थॉमस बेली, शॅना स्मिथ जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रचनेला उपाहारगृहाची उपमा दिली आहे. सर्व पदार्थ मांडलेले असतात आणि ज्याने त्याने आपापले ताट वाढून घ्यावयाचे असते. ज्याला काय घ्यावे हे कळते त्याला ही व्यवस्था सोयीची असते. ज्याला कळत नाही तो रिकाम्या ताटाने परततो. मदत मागण्यासाठी आपल्याला मदतीची गरज आहे याची जाणीव, ती कोठे मिळते याची माहिती आणि ती मागण्याचा धीर या तीन गोष्टी लागतात. नवागताजवळ नेमक्या याच गोष्टी कमी असतात.

या संदर्भात एमडीआरसी या संशोधन संस्थेने २००३ पासून राबवलेल्या ‘ओपनिंग डोअर्स’ या प्रकल्पातील दोन प्रयोग उद्बोधक आहेत. ओहायो राज्यातील दोन महाविद्यालयांत निवडक विद्यार्थ्यांना असा सल्लागार दिला गेला की ज्याच्याकडे १६० हून कमी विद्यार्थी होते. जोडीला दोन सत्रे प्रत्येकी १५० डॉलरचा भत्ता होता. कार्यक्रम चालू असताना विद्यार्थ्यांची टिकून राहण्याची प्रवृत्ती वाढली. दोन सत्रांनंतर सहाय्य थांबताच हा परिणाम बहुतांशी ओसरला.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातील चॅफी कॉलेजात शैक्षणिक ताकीद मिळालेल्या विद्यार्थ्यांवर झाला. प्रथम त्यांना अध्ययनकौशल्यांचा अभ्यासक्रम आणि अभ्यासकेंद्रातील भेटी ऐच्छिक स्वरूपात देऊ केल्या गेल्या. फारसा परिणाम दिसला नाही, कारण अनेकांनी त्यांचा लाभच घेतला नाही. नंतर तोच अभ्यासक्रम सक्तीचा असल्याचे विद्यार्थ्यांना सांगण्यात आले आणि उपस्थितीवर अधिक लक्ष ठेवले गेले. तेव्हा ताकीद-यादीतून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण तुलनात्मक गटाच्या जवळजवळ दुप्पट झाले. मात्र पुढील वर्षांत हा लाभही पदवीपर्यंत टिकल्याचे दिसले नाही. या दोन प्रयोगांतून दोन निष्कर्ष निघतात. सहाय्य ऐच्छिक ठेवले की ते गरजूंपर्यंत पोहोचत नाही, आणि सहाय्य अल्पकालीन ठेवले की त्याचा परिणामही अल्पकालीन राहतो.

‘असॅप’ : एकात्म सहाय्याचा प्रयोग

या दोन्ही उणिवा दूर करण्याचा एक सर्वांगीण प्रयत्न न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ कार्यक्रमात आढळतो. या कार्यक्रमात विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकणे, गरज असल्यास उपचारात्मक वर्ग सुरुवातीलाच पूर्ण करणे आणि सल्लागाराला नियमित भेटणे बंधनकारक असते. त्याच्या बदल्यात विद्यापीठ बरेच काही देते. शुल्क आणि अर्थसहाय्य यांतील उरलेली तूट माफ होते, पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात, सोयीची सलग तासिका-रचना आणि विषय-नोंदणीत अग्रक्रम मिळतो, तसेच शहर वाहतुकीचा मासिक पास मिळतो. पास कार्यक्रमातील सहभागाशी जोडलेला असल्याने तो घेण्यासाठी येणारा विद्यार्थी सल्लागाराच्या संपर्कात राहतो. अभ्यासाच्या काळात सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी असत; त्याच महाविद्यालयांतील नेहमीच्या सल्लागारांकडे ६०० ते १५०० विद्यार्थी असत. हे सहाय्य तीन वर्षे अखंड चालते.

एमडीआरसीने २०१० मध्ये तीन महाविद्यालयांतील ८९६ अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून या कार्यक्रमाचा अभ्यास केला. हे सर्व विद्यार्थी उपचारात्मक वर्गांची गरज असलेले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण प्रायोगिक गटात ४० टक्के, तर नियंत्रित गटात २२ टक्के होते. सहा वर्षांनंतर हे प्रमाण अनुक्रमे ५१ व ४१ टक्के झाले. म्हणजे कार्यक्रमाने विद्यार्थ्यांना केवळ लवकर पदवी मिळवून दिली असे नव्हे, तर एरवी जे पदवीपर्यंत पोहोचलेच नसते अशांनाही पोहोचवले. ओहायोतील तीन महाविद्यालयांनी हेच प्रारूप स्वीकारले तेव्हा तेथेही तीन वर्षांतील पदवीचे प्रमाण १९ वरून ३५ टक्क्यांवर गेले. तेथे अनेक विद्यार्थी मोटारीने येत असल्याने वाहतूक पासाऐवजी दरमहा ५० डॉलरचे इंधन किंवा किराणा खरेदीचे कार्ड देण्यात आले. स्थानिक गरज ओळखून साधन बदलले, तत्त्व मात्र तेच राहिले.

खर्चाचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे नेहमीपेक्षा सुमारे १६,३०० डॉलर अधिक खर्च झाला. परंतु पदवीधरांची संख्या जवळजवळ दुप्पट झाल्याने एका पदवीमागील खर्च नियंत्रित गटापेक्षा ११ टक्क्यांहून अधिक कमी पडला. खर्च प्रवेशामागे मोजावयाचा की पूर्ततेमागे, यावर कोणती व्यवस्था स्वस्त ठरते हे अवलंबून असते.

मार्गदर्शन की आकांक्षांचे शमन?

सहाय्यक सेवांची एक दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये एका गाजलेल्या निबंधात कम्युनिटी कॉलेजाच्या एका अप्रकट कार्याकडे लक्ष वेधले. ज्यांची आकांक्षा विद्यापीठीय पदवीची आहे पण ज्यांचे गुण कमी आहेत अशा विद्यार्थ्यांना चाचण्या, समुपदेशन व ताकीद यांच्या साहाय्याने हळूहळू कमी कालावधीच्या व्यवसाय-अभ्यासक्रमाकडे वळवले जाते, आणि हा निर्णय आपण स्वतःच घेतला असे त्यांना वाटते, असे क्लार्क यांचे निरीक्षण होते. या प्रक्रियेला त्यांनी ‘कूलिंग आउट’ म्हणजे आकांक्षांचे शमन असे संबोधले.

हा आक्षेप आजही दुर्लक्षिण्याजोगा नाही. सल्लागार हा ध्येय गाठण्याचा मार्ग दाखवणारा असू शकतो, तसाच तो ध्येय आखूड करणाराही असू शकतो. दोहोंतील भेद सल्ल्याच्या शब्दांवरून नेहमी ओळखता येत नाही. व्यवसाय-अभ्यासक्रम कोणत्याही अर्थाने दुय्यम नाही. परंतु विद्यार्थ्याने तो माहितीच्या आधारे निवडला की इतर वाटा त्याला दाखवल्याच गेल्या नाहीत, हे पाहणे आवश्यक आहे. म्हणून सहाय्यक सेवेचे मूल्यमापन करताना किती विद्यार्थ्यांना सल्ला दिला यापेक्षा, विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी नोंदवलेले ध्येय किती प्रमाणात साध्य झाले आणि ते बदलले असल्यास का बदलले, हे तपासणे अधिक न्याय्य ठरते.

मर्यादा

‘असॅप’सारख्या कार्यक्रमांचे यश मान्य करतानाच त्यांच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. पूर्णवेळ शिकण्याची अट पाळू न शकणारे विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि कम्युनिटी कॉलेजांत बहुसंख्या अशाच विद्यार्थ्यांची आहे. पदवीमागील खर्च कमी झाला तरी प्रारंभीची तरतूद महाविद्यालयालाच करावी लागते. पूर्ततेचा लाभ मात्र पुढे समाजाला आणि शासनाला मिळतो. त्यामुळे अर्थसंकल्पात कपात होताच सल्लागारांच्या जागा प्रथम कमी होण्याचा धोका असतो. शिवाय कार्यक्रमातील कोणत्या घटकाने किती परिणाम साधला हे वेगळे काढणे अवघड आहे, कारण सर्व घटक एकत्रच राबवले गेले. कदाचित त्यांचे बळ एकत्र असण्यातच असावे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने

भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये कम्युनिटी कॉलेजाचा उपक्रम सुरू केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास अशा महाविद्यालयांची योजना आखली. परंतु अमेरिकन अनुभवाची उपयुक्तता तेवढ्या योजनेपुरती मर्यादित नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत येणारा विद्यार्थीही बहुधा पहिल्या पिढीतील असतो, शेतीत किंवा दुकानात काम करून शिकत असतो आणि एस.टी.च्या सवलतीच्या पासावर रोज ये-जा करीत असतो.

सहाय्य हा शिक्षणाचा अंगभूत भाग मानण्याची परंपरा महाराष्ट्रात अमेरिकेहून उसनी आणावी लागत नाही. जोलिएटचे महाविद्यालय ज्या वर्षी स्थापन झाले त्याच १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले आणि पुढे विविध जातिधर्मांच्या वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला संस्थात्मक रूप दिले. शाळा उघडणे पुरेसे नाही, विद्यार्थी तेथे टिकेल अशी राहण्या-जेवण्याची सोय केली पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. आजच्या परिभाषेत तीच एकात्म सहाय्यक सेवा होय.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या निकषांत विद्यार्थी सहाय्य व प्रगती हा स्वतंत्र निकष आहे आणि पालक-शिक्षक योजनाही बहुतेक महाविद्यालयांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांसाठी उद्बोधन कार्यक्रमाची मार्गदर्शिका दिली. समित्या, नोंदवह्या आणि अहवाल यांची उणीव नाही. प्रश्न पोहोचण्याचा आहे. एखाद्या पालक-शिक्षकाच्या यादीतील कोणता विद्यार्थी पहिल्या महिन्यात सलग आठ दिवस आला नाही, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीसाठी परत आला, कोणी विषय न समजताच निवडला, हे त्या शिक्षकाला वेळेत कळते काय, हा खरा निकष असावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुप्रवेश व बहुनिर्गमनाचे तत्त्व स्वीकारल्यामुळे या प्रश्नाला नवे गांभीर्य प्राप्त झाले आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद ही अडचणीतील विद्यार्थ्यासाठी संधी आहे. परंतु जाणाऱ्या विद्यार्थ्याशी कोणी बोललेच नाही तर गळतीलाच निर्गमन हे नाव मिळेल आणि क्लार्क यांनी वर्णिलेले आकांक्षांचे शमन येथेही घडेल. प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याशी शिक्षकाने आधी संवाद साधावा, परतीची वाट लेखी स्वरूपात समजावून द्यावी आणि पुढील सत्रात त्याची पुन्हा चौकशी करावी, एवढी दक्षता कोणत्याही महाविद्यालयाला विशेष निधीविना घेता येईल.

समारोप

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव असे दर्शवतो की, मुक्त प्रवेशाने शिक्षणाची संधी दिली, पण ती संधी फलद्रूप होण्यासाठी सहाय्याची आवश्यकता होती. आणि सहाय्यही मागेल त्याला देऊन भागले नाही. ते प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यापासून, सर्वांसाठी, अभ्यासक्रमाच्या रचनेतच गुंफून आणि पूर्ततेपर्यंत अखंडपणे द्यावे लागले. वाहतुकीचा पास, वेळेवर मिळालेले पुस्तक, नाव ठाऊक असलेला सल्लागार या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. न्यूयॉर्क व ओहायो येथील निष्कर्ष पाहता शंभरातील सोळा ते अठरा विद्यार्थ्यांचे तीन वर्षांनंतरचे भवितव्य त्यांनी बदलले. जो विद्यार्थी मदत मागायला येत नाही त्याला तिची गरज नाही असे समजण्याऐवजी, त्याला ती सर्वाधिक असू शकते असे गृहीत धरून महाविद्यालयाने त्याच्यापर्यंत जाणे, हेच सहाय्यक सेवेचे खरे प्रयोजन आहे.